हत्यार : वापरावे की जपावे ?



आजच्या विषयाची पाटी वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. कामगार संघटनेचा माणूस, त्याने बोनस, महागाई, कंत्राटी कामगार यांवर बोलावे. हे हत्याराचे काय काढले? चालकांनाही हा प्रश्न पडला होता. आम्ही त्यांना म्हटले, विषय आमचाच आहे, थोडा धीर धरा. तोच धीर आता आपल्याकडे मागतो. आम्ही दहावीनंतर शाळा सोडली, फिटरचे काम शिकलो आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. मोरोपंतांच्या या गावात, कऱ्हेच्या काठी उभे राहून पांडित्य सांगण्याची आमची छाती नाही. एक घडलेली गोष्ट आहे, ती सांगायची आहे. आणि त्या गोष्टीत आमची स्वतःची एक चूक आहे, ती कबूल करायची आहे.

इंदापूर तालुक्यातल्या एका घरी दोन भावांत वाद लागला. वाद जमिनीचा नव्हता, विहिरीच्या पाळीचाही नव्हता. वाद होता वडिलांच्या मागे राहिलेल्या एका रिव्हॉल्व्हरचा. वडील एका साखर कारखान्यात कॅशियर होते. तीन वर्षांपूर्वी ते वारले. कायद्याप्रमाणे शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झाले, थोरल्याने आपल्या नावे परवाना मिळवला आणि शस्त्र घरी आणले. येथवर सारे रीतसर होते.

आता हे शस्त्र कसे, ते सांगतो. बर्मिंगहॅमच्या वेबली आणि स्कॉट कंपनीचे, .३२ बोअरचे, सहा घरांचे. १९६२ साली घेतलेले. आपला शस्त्र कायदा १९५९ सालचा, पण तो अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ रोजी. त्याच वर्षीची ही खरेदी. मूळचा पुठ्ठ्याचा खोका, विक्रेत्याची पावती, नळी साफ करण्याचा गज, सारे जागेवर. पोलादावरची निळी झाक शाबूत. आणि घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट ही की, साठ वर्षांत त्यातून एकही गोळी उडालेली नाही. २५ काडतुसे घेतली होती, २५ शिल्लक होती.

थोरल्याच्या मुलाचे लग्न ठरले होते. तो म्हणाला, "आण्णा, बापानं जन्मभर सांभाळलं आणि एकदा आवाजसुद्धा ऐकला नाही. लग्नाच्या वरातीत त्यांच्या नावानं दोन बार काढू. हत्यार हे चालवायसाठी असतं. फाळ शिवारात फिरला तर चकाकतो, गोठ्यात पडला तर गंजतो."

धाकटा पुण्यात नोकरीला. तो म्हणाला, "बिलकूल नाही. मी चौकशी केली आहे. परदेशी शस्त्रांची आयात कधीची बंद आहे. असं कोरं, न वापरलेलं, खोक्यासह मिळणं दुर्मीळ. एक बार काढला की ते जुनं झालं. मग चार परवानेवाल्यांकडं असतं तसं एक. ते हात न लावता ठेवायचं. पुढं विकायचं तर विकू, नाहीतर मुलांना राहील."

आणि दोघांचे एकमत एवढ्यापुरते झाले की, आम्हाला बोलवावे. तंटा तोडणे हा आमचा धंदाच, म्हणून असेल. बोलावणे आले आणि आम्ही गेलो. जाताना मनात एक जुनी अढी होती, ती त्या भावांना ठाऊक नव्हती. तिच्याकडे शेवटी येऊ.

प्रथम थोरल्याचे म्हणणे घेऊ, कारण ते आमच्या मनाला जवळचे होते. आम्ही कारखान्यात वाढलो. खंडेनवमीला आम्ही लेथला झेंडूची माळ घालतो, व्हाइसला हळदकुंकू लावतो, हातोडी, कानस, पाने मांडून नारळ फोडतो. पण ही पूजा हत्यार बसवून ठेवण्यासाठी नसते. त्या दिवशी हत्यार विसावा घेते आणि पुढे कामाला लागते. लेथ वर्षभर बंद ठेवा, त्याचे तेल सुकते, पट्ट्यांवर गंज धरतो, आणि चालू करायला गेलात तर तो कुरकुरतो. यंत्र चालण्यातच जगते.

याचे मोठे उदाहरण म्हणजे फेअरी क्वीन हे आगगाडीचे इंजिन. १८५५ साली इंग्लंडात लीड्स येथे ते बनले, १९०९ साली निवृत्त झाले, पुढे दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जाऊन बसले. लोक तिकीट काढून ते पाहत. मग रेल्वेच्या कामगारांनी ते उघडले, दुरुस्त केले आणि १९९७ साली ते पुन्हा रुळांवर धावले. चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांत जगातले सर्वांत जुने म्हणून त्याची नोंद झाली. काचेआड ते नुसते लोखंड होते, धावू लागले तेव्हा पुन्हा इंजिन झाले. तेव्हा 'चालवा' म्हणणारा मनुष्य अडाणी नसतो. त्याच्या बोलण्यात वस्तूविषयीची माया असते.

परंतु थोरल्याला आम्ही दोन गोष्टी तिथल्या तिथे सांगितल्या. पहिली कायद्याची. वरातीत, जत्रेत, निवडणुकीच्या गुलालात हवेत बार काढायची जी हौस आहे, ती आता नुसती हौस राहिलेली नाही. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हे योग्यच झाले. वर गेलेली गोळी आकाशात राहत नाही. ती कुठेतरी खाली येते आणि ती ज्याच्या अंगावर येते, तो बहुधा नाचणारा नसतो. तो गॅसबत्ती धरणारा, वाढपी, नाहीतर गच्चीवरून वरात पाहणारे पोर असते.

दुसरी गोष्ट फिटरच्या अनुभवाची. काडतुसे साठ वर्षांची. जुन्या काडतुसातली दारू कधी पेटत नाही, कधी उशिरा पेटते. चाप ओढला, आवाज झाला नाही, म्हणून नळी पाहायला वाकावे आणि नेमकी तेव्हा गोळी सुटावी, असेही होते. कधी दारू अर्धवट पेटते आणि गोळी नळीतच अडकते. पुढची गोळी मागून येऊन तिच्यावर आदळली की नळी फुटते. तेव्हा त्या २५ मधले एकही काडतूस उडवण्याच्या लायकीचे उरले नव्हते. उडवायचेच तर खडकीच्या कारखान्याची नवी काडतुसे आणा, रायफल क्लबात जा, तिथल्या जाणत्या माणसाकडून शस्त्र तपासून घ्या, तिथल्या मातीच्या बांधात गोळी मारा. थोरला म्हणाला, "मग तसं करू. पण एकदा उडू द्या. चालतं का नाही, हे तरी कळंल !"

"चालतं का नाही, हे कळंल !" श्रोतेहो, या वाक्यावर आम्ही थांबलो, कारण याचे उत्तर त्या शस्त्रावरच कोरलेले होते.

थोरल्याने खोका उघडला. त्याने रिव्हॉल्व्हर बाहेर काढले, वरची कळ दाबून मोडते केले. वेबलीची ही रीत आहे; बंदुकीसारखी नळी पुढे झुकते आणि मागचा तारा आपोआप वर येऊन काडतुसे बाहेर ढकलतो. सहाही घरे रिकामी आहेत हे त्याने आम्हाला दाखवले आणि मग आम्ही ते चष्मा लावून पाहिले. नळीवर आणि चक्रीवर बारीक ठसे होते. मुकुट आणि त्याखाली बी. एन. पी. ही अक्षरे.

हे ठसे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे. ही संस्था १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. तिथला नियम असा की, कारखान्याने बनवलेले कोणतेही बंदूक-पिस्तूल परस्पर विकता येत नाही. आधी ते प्रूफ हाउसात जाते. तिथे कामगार नेहमीपेक्षा जास्त जोराचा बार भरून ते उडवून पाहतात. नळी फुगली, तडा गेला, तर ते बाद. टिकले तर ठसा. म्हणजे ज्याला हे दोघे भाऊ 'कधीच न उडालेले' म्हणत होते, ते मुळात उडवूनच दिलेले होते. कोणा अनामिक कामगाराने ते आधी उडवले, सोसले की नाही ते पाहिले आणि हमीचा शिक्का मारला.

आम्ही थोरल्याला म्हटले, "बाबा रे, ते चालते हे बर्मिंगहॅमच्या कामगाराने आधीच लिहून दिले आहे. कामगाराच्या शिक्क्यावर तुझा विश्वास नसेल, तर कुणाच्या शिक्क्यावर आहे ?" तो हसला. पण धाकट्याचा चेहरा पडला. कारण 'कोरे' हा त्याचा शब्दही त्याबरोबर गळून पडला होता.

आता धाकट्याचे म्हणणे. तेही हलके नाही. फाळ झिजला तर नवा मिळतो, इंजिनाचा भाग बदलता येतो. पण 'न उडालेले' ही स्थिती एकदाच असते. एक बार काढला की चक्रीच्या तोंडाशी जळकी कडी पडते, नळीत दारूचा मळ बसतो. साफ करता येते, पण जाणत्याच्या नजरेतून सुटत नाही. उडवायचे उद्याही उडवता येईल. उडवलेले परत घेता येत नाही. ज्या कामातून मागे फिरता येत नाही त्याला घाई करू नये, हा विचार शहाणपणाचा आहे. संघटनेत आम्हीही तो करतो.

पण धाकट्याच्या जपण्यात एक खोट होती. त्याला 'हात न लावता' जपायचे होते. आम्ही रिव्हॉल्व्हर उजेडात फिरवले, तो नळीच्या डाव्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढा तांबूस डाग दिसला. वडील गेल्यावर ते चामड्याच्या म्यानात ठेवले गेले होते. चामडे कमावताना वापरलेली रसायने त्यात राहतात, चामडे हवेतली ओल धरते, आणि ती ओल पोलादाला रात्रंदिवस चिकटून बसते. म्यान हे कमरेला लावून न्यायचे साधन आहे, ठेवायचे घर नव्हे. साठ वर्षे न आलेला गंज तीन वर्षांत आला होता. आणि तो आला होता जपण्यामुळे. हात न लावता काहीही जपता येत नाही. तेलाचे फडके फिरवणारा हात हवाच.

जपण्याची दुसरी अट आहे नोंदीची. याचे उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्याच्या माणसाशी जुळलेले आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणाऱ्यांत भगतसिंग होते आणि आपल्या खेडचे, आजच्या राजगुरुनगरचे, शिवराम हरी राजगुरू होते. भगतसिंगांचे ते .३२ चे कोल्ट पिस्तूल पुढे पंजाबातल्या फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून १९६९ साली इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशालेत गेले. तिथे ते इतर शस्त्रांबरोबर मांडले गेले. गंजू नये म्हणून त्याला काळा रंग फासण्यात आला, आणि त्या रंगाखाली त्याचा क्रमांक बुजला. जवळजवळ अर्धे शतक ते लोकांसमोर होते, पण ते कोणाचे हे कोणाला कळत नव्हते. अलीकडे २०१६ च्या सुमारास रंग खरवडला, १६८८९६ हा क्रमांक वर आला, जुन्या कागदांशी जुळला, तेव्हा पिस्तुलाला नाव परत मिळाले. आज ते पंजाबात हुसेनीवाला येथे आहे. पाहा, लोखंड उत्तम जपले होते. हरवली होती ती त्याची हकीकत. हकीकत हरवलेली वस्तू जपणे म्हणजे माणसाचे नाव विसरून त्याचा फोटो भिंतीवर टांगण्यासारखे आहे.

तेव्हा आम्ही त्या भावांना विचारले, "या शस्त्राची हकीकत काय ? तुमच्या वडिलांनी ते कशाला घेतले ?" थोरला म्हणाला, "पगाराच्या पैशासाठी." धाकटा म्हणाला, "पण कधी गरज पडली नाही."

इथे तरुण श्रोत्यांसाठी थोडे सांगितले पाहिजे. आज पगार बँकेत जमा होतो, मोबाइलवर घंटी वाजते. पूर्वी तसे नव्हते. १९३६ च्या वेतन कायद्याप्रमाणे पगार रोखीने द्यायचा. बँकेतून द्यायचा तर कामगाराची लेखी संमती लागे. ती अट जाऊन कायदा सरळ बँकेच्या बाजूने झाला तो २०१७ साली. आमच्या लहानपणी पगाराच्या दिवशी कारखान्याची जीप बँकेत जाई, नोटांची पेटी घेऊन येई, आणि त्या पेटीबरोबर कॅशियर असे. रस्ता ओसाड, दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस. त्या पेटीत शेकडो घरांचा महिन्याचा बाजार असे. त्याच्या रक्षणासाठी हे रिव्हॉल्व्हर होते. म्हणजे कागदोपत्री ते कॅशियरचे. पण राखण होती ती आमच्या पगाराची.

आम्ही काडतुसांची डबी मागितली. २५ काडतुसे मेजावर मांडली, आणि फिटरच्या नजरेला जे दिसले त्याने आम्ही चकित झालो. १९ काडतुसांचे पितळ काळानुसार मंद, पण गुळगुळीत होते. सहांच्या अंगावर उभे बारीक ओरखडे होते, बुडाच्या कडा घासून गोल झाल्या होत्या. एखादा नट शेकडो वेळा काढला-घातला की त्याची जी दशा होते, तीच. मग आम्ही चक्री पुन्हा पाहिली. तिच्याभोवती, खटका बसतो तिथे, केसाएवढी रेघ उमटली होती. चक्री अनेकदा फिरल्याशिवाय ती उमटत नाही.

याचा अर्थ साधा होता. दर पगाराला तो मनुष्य सकाळी सहा काडतुसे भरत होता आणि संध्याकाळी वाटप संपल्यावर तीच सहा काढून डबीत ठेवत होता. तीच सहा. तीस वर्षे.

धाकटा म्हणतो कोरे, हात न लावलेले, ते खोटे. थोरला म्हणतो कधी वापरलेच नाही, तेही खोटे. ते तीस वर्षे वापरात होते. पगाराची पेटी दर महिन्याला पोचत होती आणि गोळी उडत नव्हती. हाच त्याचा वापर होता.

श्रोतेहो, फाळाचे यश नांगरटीत, इंजिनाचे धावण्यात, सतारीचे वाजण्यात. पण काही वस्तू अशा आहेत की, त्यांचे यश न चालण्यात असते. आग विझवायची लाल बादली, आगगाडीच्या डब्यातली धोक्याची साखळी, आणि रिव्हॉल्व्हर. त्यांची निगा रोज ठेवायची, त्या चालतील याची खात्री बाळगायची आणि त्या चालू नयेत म्हणून खटपट करायची. बादलीत वाळू नसेल तर गुन्हा, आणि आग लागली नाही म्हणून वाळू पाहायला घराला काडी लावली तर मूर्खपणा.

एवढे बोलून आम्ही निकाल देणार, तोच आतून त्या भावांच्या आई बाहेर आल्या. वय ऐंशीच्या पुढे. त्या आम्हाला म्हणाल्या, "तुझा बाप गव्हाणीवर व्हता ना ? दिवाळीच्या दंग्यात आत घुसल्यालं, त्यात त्यो व्हता."

आता ती अढी सांगतो. सन १९७९. आम्ही नऊ वर्षांचे. दिवाळी तोंडावर आली, दोन महिन्यांचा पगार थकला होता, आणि बँकेतून आलेली रक्कम अपुरी असल्याची कुणकुण लागली. शे-दोनशे माणसे कॅश ऑफिसवर गेली. काच फुटली, दार ढकलले गेले. आमचे वडील पुढच्या रांगेत होते. त्यांनी घरी येऊन सांगितले ते असे की, आम्ही आत शिरलो तसा कॅशियर उठला, त्याने घाईघाईने टेबलाचा ड्रॉवर बंद करून कुलूप लावले, किल्ली बंडीच्या खिशात घातली, आणि मग आमच्याकडे तोंड केले. पुढे त्याने कॅशबुक उघडून सगळ्यांपुढे ठेवले, आलेली रक्कम वाचून दाखवली, आणि लोक जमिनीवर बसले. प्रत्येकाला अर्धा पगार वाटला गेला. पण ते ड्रॉवरचे कुलूप आमच्या वडिलांच्या मनातून गेले नाही. ते म्हणत, "आम्हाला बघून आधी पैशाला कुलूप लावलं."

ही गोष्ट आम्ही संघटनेच्या सभांतून कित्येक वर्षे सांगत आलो. गेटवर सांगितली, मोर्चात सांगितली, नव्या पोरांच्या शिबिरात सांगितली. मालकाच्या माणसाला कामगार म्हणजे चोर वाटतो, याचा दाखला म्हणून सांगितली. टाळ्या मिळाल्या.

त्या बाई म्हणाल्या, "पैसा तिजोरीत असतुया, ड्रॉवरात कशाला ठेवतील ? ड्रॉवरात ह्ये व्हतं, भरल्यालं. घरी आल्यावर हात थरथरत व्हतं त्यांचं. म्हनाले, माझा हात त्याच्याकडं गेला व्हता. म्हनून आधी कुलूप लावलं."

त्या खोलीत कोणी बोलेना. मेजावर ती सहा काडतुसे होती. त्या दिवशी चक्रीत होती, तीच ही. आमचे वडील त्या टेबलापासून चार हातांवर होते. त्या माणसाने कुलूप पैशाला लावले नव्हते, आमच्याविरुद्ध लावले नव्हते. स्वतःच्या हाताला लावले होते. आणि आम्ही त्याला आयुष्यभर चोरसमजू म्हणून गावोगाव मिरवले. त्यांच्या हयातीत एकदा जाऊन विचारले असते, तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. ते आठ मैलांवर राहत होते. आम्ही गेलो नाही. आमची गोष्ट आम्हाला सोयीची होती.

यापूर्वी सभेत कोणाची क्षमा मागण्याचा प्रसंग आमच्यावर आला नव्हता. त्या आईंची आम्ही त्याच वेळी माफी मागितली. पण बदनामी जाहीर सभेत केली, तर माफी घरात मागून भागत नाही. म्हणून आज हा विषय घेतला. संघटनेचे सभासद इथे बरेच दिसतात. ती गोष्ट आमच्या तोंडून ज्यांनी ऐकली असेल, त्यांनी ती आजपासून अशी ऐकावी.

निकाल काय झाला, तो आता तुम्ही ओळखलाच असेल. आम्हाला तो द्यावाच लागला नाही. थोरलाच म्हणाला, "मग ह्यातनं बार काढायचा नाही." धाकटा म्हणाला, "मग हे विकायचं नाही." आम्ही फक्त व्यवस्था सांगितली. जिवंत काडतुसे घरात ठेवू नयेत. ती रीतसर नोंद करून परवानाधारक विक्रेत्याच्या हवाली करावीत. म्यान वेगळे ठेवावे. गंजाचा डाग पॉलिश कागदाने घासू नये, नाहीतर डागाबरोबर निळी झाकही जाईल. तेल लावून मऊ फडक्याने हळूहळू पुसत राहावे. परवान्याचे नूतनीकरण चुकवू नये, आणि पुढे घरात परवाना घेणारा कोणी उरला नाही तर ते कायदेशीर मार्गाने संग्रहालयाकडे द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, एका कागदावर १९६२ पासूनची हकीकत लिहावी, त्यात १९७९ ची दिवाळी लिहावी, आईंचा अंगठा घ्यावा, आणि तो कागद खोक्यात ठेवावा. धाकट्याने विचारले, "यानं किंमत वाढेल का ?" थोरल्याने त्याच्याकडे पाहिले, आणि त्याने प्रश्न परत घेतला.

लग्न झाले. वरातीत बार निघाले नाहीत, हलगी वाजली. खंडेनवमीला त्या घरून बोलावणे आले. नांगर, कोयते, मोटारीचा पाना यांच्या ओळीत, उघडे आणि रिकामे असे ते रिव्हॉल्व्हरही होते. झेंडूचे एक फूल त्यावर होते. पूजा झाल्यावर थोरल्याने तेलाचे फडके फिरवले आणि ते आत नेऊन कुलपात ठेवले.

शेवटी आमच्या धंद्यापुरते दोन शब्द. संपाला आपण हत्यार म्हणतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्या संपाची माघार कधी रीतसर जाहीर झालीच नाही. त्यातला न्याय-अन्याय हा आजचा विषय नव्हे. पण त्यानंतर वाढलेल्या आमच्या पिढीत दोन पंथ झाले. एक म्हणतो, हत्यार उपसलेच पाहिजे, नाहीतर ते गंजते. दुसरा म्हणतो, हत्याराला हातच लावू नका. आम्ही पहिल्या पंथाचे. त्या सहा काडतुसांनी आम्हाला तिसरी वाट दाखवली. हत्यार चोख ठेवावे, दर महिन्याला भरावे, समोरच्याला ते भरलेले आहे हे ठाऊक असावे. आणि हात त्याच्याकडे जाऊ लागला की ड्रॉवरला कुलूप लावून आधी हिशेबाची वही उघडावी. वही उघडूनही न्याय मिळाला नाही, तर पुढचे पुढे. पण आमच्या अनुभवात, वही खरोखर उघडली गेली तेव्हा माणसे बहुधा जमिनीवर बसली आहेत.